गाडीच्या आत शिरणारा रस्ता

या स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असेच प्रथम मनात आले. तथापि आठवणी लिहिणारे आमच्याहून समर्थ हात आपल्यात पुष्कळ आहेत. आम्ही तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवितो. त्यामुळे आपल्या विषयातले आणि वाचकांच्या रोजच्या उपयोगाचे काही सांगावे, असे ठरविले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला येणारे बहुतेक जण एस.टी.ने येत. आता शाळेच्या मैदानात गाड्या लावायला जागा पुरत नाही. त्या गाड्यांच्या आत जो टायरचा आणि रस्त्याचा आवाज येतो, तो कोठून येतो आणि कमी कसा करता येतो, हा या लेखाचा विषय आहे.

निमित्त घरचेच घडले. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पूर्ण झाला. तो पावसाळा सरल्यावर आई-वडिलांना घेऊन आम्ही कल्याणहून विदर्भातल्या आमच्या गावी निघालो. वडिलांनी मुंबईच्या गिरणीत रिंग खात्यात बावीस वर्षे काढलेली. चात्यांच्या त्या अखंड घरघरीत त्यांचे कान कधी मंदावले, ते त्यांनाही कळले नाही. एरवी घरात समोर बसून बोलले तर त्यांना सर्व नीट समजते. त्या दिवशी मात्र मागच्या आसनावर बसलेले वडील पाच तासांत चार वाक्येही बोलले नाहीत. प्रवासाचा शीण असेल असे आम्हाला वाटले. जालन्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा ते आईला म्हणाले, “ही दोघं पुढं काय बोलतात ते मला काही ऐकू येत नाही. नुसती गिरणी चालू आहे असं वाटतं.”

गाडी आमची साधीच, सहा वर्षे वापरलेली. तिचा आवाज आम्हाला एरवी विशेष जाणवत नसे. परंतु वडिलांच्या त्या वाक्याने विषय डोक्यात बसला. मग पुढच्या वर्षभरात आम्ही जे वाचले, मोजले, आणि प्रथम चुकीच्या ठिकाणी पैसे घालवून जे शिकलो, ते येथे मांडतो.

आधी थोडे कानाविषयी. दोन माणसे एक मीटर अंतरावर सहज बोलत असतील तर तो आवाज साधारण ६० डेसिबल भरतो. ताशी ९०-१०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मध्यम किमतीच्या मोटारीत मात्र ६५ ते ७० डेसिबलची घरघर सतत चालू असते. म्हणजे बोलणे गोंगाटाच्या खाली बुडते आणि आपण नकळत आवाज चढवून बोलू लागतो. तरुण कान अंदाजाने शब्द जुळवून घेतो. वयाने किंवा कामाच्या ठिकाणच्या आवाजाने मंदावलेल्या कानाला उंच स्वर आधीच कमी ऐकू येतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच उंच स्वरांवर अवलंबून असते. त्यात रस्त्याची खर्जातली घरघर वरच्या स्वरांवर पांघरूण घालते. मग शब्दांतले स्वर तेवढे पोचतात, व्यंजने गळून पडतात आणि वाक्याचा अर्थ लागत नाही. असा माणूस हळूहळू बोलणेच सोडून देतो. आपण समजतो, त्यांना झोप आली आहे.

डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नाही, हेही ध्यानात ठेवावे. सारख्याच आवाजाची दोन यंत्रे एकत्र चालविली तर डेसिबलचा आकडा दुप्पट होत नाही, फक्त ३ ने वाढतो. कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबलची घट लागते. म्हणून कोणी दुकानदार ‘आवाज ८० टक्के कमी करून देतो’ असे म्हणाला, तर तो नेमके काय मोजतो आहे हे त्याला विचारावे. मोटारीत ३-४ डेसिबल कमी करणे हे चांगले काम समजले जाते आणि संभाषणाच्या दृष्टीने तेवढ्याने खरोखर फरक पडतो.

आता मूळ प्रश्न. सध्याच्या मोटारी एका संथ गतीने चालत असतील तर ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे इंजिनापेक्षा टायरचा आवाज मोठा होतो. विजेवर चालणाऱ्या गाडीत इंजिनच नसल्यामुळे तो अधिकच उघडा पडतो. ‘इलेक्ट्रिक घेतली तरी घरघर आहेच’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण हेच. हा आवाज आपल्या कानापर्यंत दोन वाटांनी येतो. एक वाट लोखंडाची. खडबडीत रस्ता टायरला हादरे देतो. ते रिम, बेअरिंग, सस्पेन्शनचे दांडे आणि रबरी बुश यांमधून गाडीच्या सांगाड्यात शिरतात. मग जमिनीचा पत्रा, दरवाजे आणि छप्पर ढोलाच्या कातड्यासारखे थरथरू लागतात. सुमारे ५०० हर्ट्झच्या खालची घुमघुम मुख्यतः या वाटेने येते. दुसरी वाट हवेची. टायर आणि रस्ता यांच्या सांध्यापाशी निर्माण झालेला आवाज हवेतून काच, दरवाजाची फट, चाकावरची कमान अशा मार्गाने थेट आत येतो. वरच्या पट्टीतली सरसर आणि शिट्टीसारखा स्वर या वाटेने येतो. दोन्ही वाटांवरचे उपाय अगदी निरनिराळे आहेत. आपली गाडी कोणत्या वाटेने बोलते हे न पाहता खर्च केला की तो बहुधा वाया जातो. आमचा गेला.

टायर नेमका आवाज करतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. टायरच्या नक्षीचे प्रत्येक रबरी ठोकळे रस्त्यावर आपटते तेव्हा लहानशी थाप बसते. १८५/६५ आर १५ हे आपल्याकडे नित्य दिसणारे माप घ्या. या टायरचा घेर जवळपास १.९५ मीटर असतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने तो सेकंदाला ११ हून थोडे अधिक फेरे घेतो. घेरावर ७० ठोकळे असतील तर सेकंदाला सुमारे ८०० थापा बसतात, म्हणजे ८०० हर्ट्झचा एक सलग स्वर निघायला हवा. तसा स्वर सहसा निघत नाही, कारण टायर बनविणारे सगळे ठोकळे एकाच लांबीचे ठेवीत नाहीत. पट्टी घेऊन आपल्या टायरवर मोजून पाहा. काही ठोकळे आखूड, काही लांब अशा हेतुपुरस्सर बेशिस्तीने ते मांडलेले दिसतील. त्यामुळे एकच टोचणारा स्वर न उमटता आवाज अनेक पट्ट्यांत विखुरतो. एकूण ऊर्जा फारशी कमी होत नाही, पण कानाला ती बोचत नाही.

याशिवाय नक्षीच्या खाचांत कोंडलेली हवा रस्त्याला टेकताना दाबली जाते आणि सुटताना फसकन बाहेर पडते. हे सारे घडते ते टायरचा गोल आणि सपाट रस्ता यांच्यामधल्या पाचरीसारख्या जागेत. तिचा आकार थेट कर्ण्यासारखा असतो. निवडणुकीच्या रिक्षावरचा भोंगा जे काम करतो तेच काम ही जागा करते आणि लहान आवाज मोठा करून बाहेर टाकते. बहुतेक मोटारींच्या टायरचा बाहेर ऐकू येणारा आवाज १००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत प्रबळ असतो, त्यामागे या कर्ण्याचाही हात आहे.

आमच्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग मात्र टायरच्या पोटात आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतली ती पाण्यात बुडविलेली काचनळी पुष्कळांना आठवत असेल. ५१२ हर्ट्झचा नादकाटा रबरी ठोकळ्यावर मारून नळीच्या तोंडाशी धरायचा आणि नळी सावकाश वर उचलीत जायचे. हवेचा स्तंभ साडेसोळा सेंटिमीटरच्या सुमारास आला की नळी एकदम गाऊ लागे. अर्धा वर्ग टाळ्या वाजवी आणि सर रागावत. त्या वेळी हा प्रयोग केवळ पंधरा गुणांसाठी असतो अशी आमची समजूत होती. तोच अनुनाद प्रत्येक टायरमध्ये घडतो. टायरच्या आतली हवा ही एक कडेच्या आकाराची बंद नळीच असते. वर सांगितलेल्या मापाच्या टायरमध्ये रिम आणि बाहेरचा घेर यांच्या मधोमध या कड्याची लांबी जवळपास १.५७ मीटर भरते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. भागाकार केला की उत्तर येते २१८ हर्ट्झ. म्हणजे साधारण २०० ते २५० हर्ट्झच्या पट्टीत प्रत्येक मोटारीचे टायर आपला एक ठरलेला स्वर धरून असतात. खड्डा किंवा सांधा आला की तो स्वर वाजतो आणि रिममधून सांगाड्यात जातो. खडबडीत रस्त्यावर पोकळ डब्यावर मारल्यासारखा जो ‘बोंऽऽ’ ऐकू येतो, तो हाच. वेग वाढविला तरी त्याची पट्टी फारशी बदलत नाही, यावरून तो ओळखता येतो.

यावर उपायही तितकाच सोपा निघाला. टायरच्या आत, नक्षीच्या पाठीमागे, पॉलियुरेथेन स्पंजाची पट्टी चिकटवायची. ती हवेतली ही हेलकावणारी लाट शोषून घेते. कॉन्टिनेन्टल, मिशेलिन, पिरेली, गुडइयर अशा अनेक कंपन्या असे टायर बनवितात. होंडाने आपल्या लेजंड या मोटारीच्या रिममध्येच लहान पोकळ्या ठेवून तोच परिणाम साधला. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर जी बाटली गाते, तीच युक्ती येथे आवाज गिळण्यासाठी वापरलेली आहे. स्पंजाचे टायर महाग पडतात आणि आपल्याकडे सर्व मापांत मिळत नाहीत. आतून ठिगळ लावायचे झाल्यास तेवढा स्पंज खरवडून काढावा लागतो, आणि हे काम गावाकडच्या पंक्चरवाल्याने पूर्वी केलेले नसते. बाजारातला स्पंज आणून आपणच टायरमध्ये चिकटविण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये. तो सुटून एका बाजूला गोळा झाला की चाकाचा तोल जातो.

आता रस्त्याकडे वळू. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, तो काँक्रीटचा. समृद्धी महामार्गही बव्हंशी काँक्रीटचा आहे. काँक्रीट टिकाऊ असते, पावसाला दाद देत नाही आणि खड्डे कमी पडतात. आवाजाच्या बाबतीत मात्र ते डांबरापेक्षा बहुधा कठोर ठरते. पावसात टायर घसरू नये म्हणून ओल्या काँक्रीटवर आडव्या बारीक रेषा ओढतात. या रेषा सारख्या अंतरावर असतील तर टायरच्या नक्षीत मुद्दाम केलेली बेशिस्त निष्फळ होते, कारण आता शिस्त रस्त्याकडून येते आणि शिट्टीसारखा स्वर उमटतो. रेषा वाहतुकीच्या दिशेने उभ्या ओढल्या, किंवा हिऱ्याच्या चकत्यांनी पृष्ठभाग घासून घेतला, तर तोच काँक्रीटचा रस्ता बराच शांत होतो. दुसरे असे की काँक्रीट तापमानाने तडकू नये म्हणून साधारण साडेचार मीटरवर सांधे कापलेले असतात. ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला सहा सांधे येतात आणि त्यांची ‘थप-थप-थप’ अशी लय सुरू होते. कसाऱ्याच्या घाटाखालच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यात तर हा सर्व आवाज भिंतींवरून परत येतो. वडिलांनी तेथे दोन्ही कानांवर हात ठेवले होते, असे आईने नंतर सांगितले.

रस्ता आपल्या हातात नाही. गाडी आहे, आणि तिच्या बाबतीत आम्ही काय चूक केली ते आता सांगतो.

गावाहून परत आल्यावर आठवडाभरातच आम्ही एका सजावटीच्या दुकानात जाऊन गाडीत आवाजरोधक शीट लावून घेतले. चारही दरवाजे, डिकी आणि जमीन मिळून अठरा हजार रुपये झाले. वर्गात वर्षानुवर्षे कंपनशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने एकही मोजमाप न करता हे केले, हे लिहिताना संकोच वाटतो. दरवाजा लावताना आता महागड्या गाडीसारखा ‘धप्प’ आवाज येऊ लागला. छपरावरच्या पावसाचा ताशाही मंदावला. रस्त्याची घरघर मात्र होती तशीच राहिली. मोबाइलवर ध्वनी मोजण्याचे साधन उतरवून घेऊन पाहिले, तर फरक जेमतेम एका डेसिबलचा. पुढे जुलैत दरवाजातून पाणी हेलकावल्यासारखा आवाज येऊ लागला. उघडून पाहता, काचेवरून आत उतरलेले पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी दरवाजाच्या तळाशी जी भोके असतात, ती कारागिराने शीटखाली बुजवून टाकली होती. आणखी एक पावसाळा तसाच गेला असता तर पत्रा आतून कुजला असता.

शीट ही वस्तू वाईट नाही. तिचे काम समजून घेतले पाहिजे. अॅल्युमिनियमचा पातळ थर आणि त्याखाली ब्युटिल रबर अशी ही शीट पत्र्याला चिकटविली की पत्रा थरथरताना मधले रबर ताणले-आखडले जाते. त्या घर्षणात कंपनाची उष्णता होऊन जाते. वाजत्या पितळी ताटावर हात ठेवावा तसे हे आहे. हात संपूर्ण ताटावर ठेवावा लागत नाही. सपाट, मोठ्या पत्र्याच्या मधल्या भागात चौथा-तिसरा हिस्सा झाकला तरी बहुतांश लाभ मिळतो. उरलेले झाकणे म्हणजे गाडीचे वजन आणि दुकानदाराचे बिल वाढविणे. कोठे लावावी, हे बोटाच्या पेराने ठोकून समजते. टणटण वाजते तेथे लावावी, ठक् असा मेलेला आवाज येतो तेथे गरज नाही. छपरांच्या गळतीसाठी मिळणारी डांबरी पट्टी स्वस्त म्हणून कोणी सुचवील, पण आपल्या उन्हात एप्रिल-मेमध्ये गाडी उभी राहिली की ती ओघळते आणि महिनोन्‌महिने वास मारते. आसनाखालच्या तारा आणि बाजूच्या खांबांतल्या एअरबॅगच्या आसपास तर अनोळखी हात जाऊच देऊ नये.

शीट पत्र्याचे कंपन मारते, हवेतून येणारा आवाज अडवीत नाही. अडवायला जडपणा लागतो. आडोशाचे वजन दुप्पट केले की साधारण ६ डेसिबलचा लाभ होतो, पण एवढे वजन कोणी मोटारीत भरीत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट फटींची. आडोसा कितीही जाड असो, त्याच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला तरी तो आडोसा २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. म्हणून हजारोंचे सामान भरण्यापूर्वी दरवाजाच्या रबराकडे पाहावे. कागदाची पट्टी दरवाजात धरून दार लावावे आणि ओढावी. घट्ट बसली तर रबर ठीक, सहज सरकून आली तर तेथून रस्ता आत येतो आहे असे समजावे. ही तपासणी चारी दरवाजांच्या सगळ्या बाजूंना करावी. जुनी, चेपलेली रबरे बदलायला शीटच्या मानाने फार कमी खर्च येतो. चाकाच्या कमानीतले प्लॅस्टिकचे अस्तर तुटले असेल तर तेही बसवून घ्यावे. खडी आणि पाणी उडून जो तडतडाट होतो त्यासाठी त्या कमानीच्या आतल्या बाजूला केलेला उपाय दरवाजांपेक्षा अधिक लागू पडतो, कारण आवाजाचा उगम तेथून वीतभर अंतरावर असतो.

एवढे झाल्यावर आम्ही शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. गाडी घेऊन एका मोकळ्या, सरळ रस्त्यावर गेलो आणि ऐकले. पद्धत साधी आहे. काचा बंद, पंखा बंद, एक जण चालवील आणि दुसरा ऐकेल. एकाच वेगाने डांबरावरून काँक्रीटवर जावे. आवाज त्या क्षणी बदलला तर तो रस्त्याचा आणि टायरचा, कारण वाऱ्याला खालचा रस्ता कोणता आहे ते कळत नाही. क्लच दाबून काही क्षण इंजिन मंद होऊ द्यावे. घरघर तशीच राहिली तर इंजिनाचा दोष नाही. धावत्या गाडीत चावी मात्र कधीही बंद करू नये. हलकेच डावी-उजवीकडे वळण देताना गुणगुण कमी-जास्त होत असेल तर टायरला दोष न देता चाकाचे बेअरिंग तपासावे. तो केवळ आवाजाचा प्रश्न नाही. मोबाइलवरच्या आकड्यावर फार विसंबू नये. तोच फोन, तोच रस्ता, तोच वेग ठेवला तर आधी-नंतरची तुलना करता येते, एवढाच त्याचा उपयोग. खर्जातली घुमघुम तर ही साधने कमीच मोजतात.

आमच्या गाडीत सगळा पुरावा टायरकडे बोट दाखवीत होता. खाली वाकून हात फिरविला तेव्हा मागच्या दोन्ही टायरवरचे ठोकळे करवतीच्या दातांसारखे झिजलेले हाताला लागले. एका दिशेने हात फिरविल्यास गुळगुळीत, उलट दिशेने खरखरीत. चाकांची अदलाबदल आम्ही कित्येक वर्षांत केली नव्हती आणि अलाइनमेंटही बिघडलेले होते. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. आमच्या टायरवर ‘२३१९’ होते, म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर एवढ्या वर्षांत उन्हाने कडक होते, आणि कडक रबराची थापही कडक बसते.

नवे टायर घेताना दोन गोष्टी पाळल्या. माप कंपनीने दिले तेच ठेवले. रुंद टायर आणि मोठी रिम दिसायला ऐटदार असतात, परंतु रुंदीबरोबर आवाज वाढतो. टायरच्या आवाजाची संयुक्त राष्ट्रांची जी ११७ क्रमांकाची नियमावली आहे तिच्यात १८५ मिलिमीटरपर्यंतच्या टायरला ७० डेसिबलची मर्यादा आहे आणि २७५ च्या वरच्यांना ७४ पर्यंत मुभा आहे. रुंद टायर शांत करणे अवघड आहे, याची ही सरकारी कबुलीच म्हणायची. शिवाय टायरची बाजू जितकी बुटकी तितका हादरा सरळ आत येतो. दुसरे म्हणजे हवेचा दाब चालकाच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे, टायर थंड असताना भरला. ‘दोन-चार पॉइंट कमी ठेवा, गाडी गादीसारखी चालेल’ हा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. कमी हवेचा टायर फिरताना अधिक वाकतो, तापतो आणि द्रुतगती रस्त्यावर, दुपारच्या उन्हात, भरल्या गाडीत फुटू शकतो. आवाजासाठी हा सौदा कोणी करू नये. जास्त हवा भरणेही तितकेच चूक, कारण फुगून ताठ झालेला टायर प्रत्येक खडा आत पोचवितो.

नवे टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि मागच्या दोन झिजलेल्या बुश एवढ्यावर त्याच रस्त्याचा आकडा ७० वरून ६६ वर आला. जे अठरा हजारांच्या शीटने झाले नाही ते नेहमीच्या देखभालीने झाले. ती शीट आता निघत नाही, दाराचा ‘धप्प’ तेवढा ऐकतो.

महागड्या गाड्यांत आता आवाजाने आवाज मारण्याची सोय येऊ लागली आहे. सस्पेन्शनवर बसविलेले संवेदक हादरा टिपतात आणि तो सांगाड्यातून आत पोचण्याआधी गाडीचे स्पीकर त्याच्या बरोबर उलट लाट सोडतात. उलट लाटेची ही कल्पना पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाने १९३३ साली पेटंटसाठी मांडली होती. रस्त्याच्या घरघरीसाठी ह्युंदाई समूहाने ती जेनेसिस जीव्ही८० या गाडीत आणली आणि सुमारे ३ डेसिबलची घट सांगितली. तेवढीच घट चालकाच्या उजव्या पायातही आहे. टायरचा आवाज वेग दुप्पट झाला की ९ ते १२ डेसिबलने वाढतो. याच हिशेबाने १०० वरून ८० वर आले की ३ ते ४ डेसिबल कमी होतात, आणि त्याचे बिल येत नाही.

एक गोष्ट येथे बोलली पाहिजे, कारण आपल्या वाचकांपैकी कित्येकांची घरे आणि कित्येक मुलांची वसतिगृहे मोठ्या रस्त्यांच्या कडेला आहेत. शीट, जाड काच, घट्ट रबर यांनी आत बसलेल्याला शांतता मिळते. बाहेरच्याला कणभरही मिळत नाही. टायर, रस्ता आणि वेग यांत केलेली सुधारणा मात्र दोघांनाही पोचते. युरोपात २०१२ पासून टायरवर आवाजाचा आकडा छापावा लागतो. तो बाहेरचा आकडा असतो, इंजिन बंद ठेवून ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीपासून साडेसात मीटरवर मोजलेला. आत किती ऐकू येईल, हे त्यावरून ठरत नाही, अशी ग्राहकांची तक्रार असते. आम्हाला तो तसा असणेच रास्त वाटते. भारतातही २०२२ साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने टायरच्या आवाजाची मर्यादा नियमांत आणली. नेदरलँड्समध्ये बहुतेक महामार्गांवर सच्छिद्र डांबराचा थर असतो. टायरखाली दबलेली हवा त्या छिद्रांत जिरते, कर्ण्याचा जोर कमी होतो आणि पावसाचे पाणीही खाली उतरते. छिद्रे धुळीने बुजतात आणि थर लवकर झिजतो, हा त्याचा दोष. आपल्या धुळीत तो किती टिकेल याविषयी आम्ही साशंक आहोत. पण वसतिगृहांजवळून आणि दवाखान्यांजवळून जाणाऱ्या काँक्रीटच्या रस्त्यांवर रेषा आडव्या न ओढता उभ्या ओढाव्यात, एवढी मागणी ग्रामसभेतून करायला काही हरकत नाही. त्याला वेगळा पैसा फारसा लागत नाही.

या वर्षी पुन्हा गावी गेलो, तोच रस्ता, तीच गाडी. ताशी ८० च्या पुढे गेलो नाही. मागून येणारे पुष्कळ जण दिवे दाखवून पुढे निघून गेले. शिर्डीच्या पुढे आम्ही दोघे शेताच्या वाटणीविषयी काही बोलत होतो. मागून वडील म्हणाले, “विहिरीकडची बाजू धाकट्याला द्या, असं मी मागंच सांगितलं होतं.”